पाचवा रकाना

युरोगायनॅकॉलॉजीच्या फेलोशिपच्या पहिल्याच दिवशी आमच्या विभागप्रमुख मॅडमनी विचारलं, "अंग बाहेर येतं म्हणून आलेल्या किती जणींच्या पिशव्या काढल्यास आजवर?"

मी आकडा सांगितला. २१४. जरा ऐटीतच सांगितला, कारण आठ वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी एक वही इमानेइतबारे ठेवली होती आणि ती नेमकी बॅगेत होती. मॅडमनी ती चाळली. तारीख, वय, ऑपरेशन, रक्त किती गेलं. चार रकाने.

"आणि यातल्या बऱ्या किती झाल्या?"

सगळ्याच, असं तोंडावर आलं होतं. टाके भरून आले, सहा आठवड्यांनी एकदा दाखवून गेली, नंतर फिरकली नाही, म्हणजे बरी. माझा हिशेब असा होता. फिरकली नाही म्हणजे कदाचित दुसरीकडे गेली असेल, किंवा कुठेच न जाता सोसत बसली असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मॅडमनी वही मिटून परत दिली आणि ओपीडीला चल म्हणाल्या.

युरोगायनॅकॉलॉजी म्हणजे नक्की काय, हे मला डॉक्टर मैत्रिणीसुद्धा विचारतात. खोकलं, शिंकलं की लघवी सुटणं, घाई लागली की बाथरूमपर्यंत धीर न निघणं, अंग बाहेर येणं, बाळंतपणात गुदद्वाराचा स्नायू फाटून वारा आणि शौच न रोखता येणं, मूत्राशय आणि योनी यांच्यात भोक पडून रात्रंदिवस झिरपत राहणं. थोडक्यात, ज्या तक्रारी बायका शेवटी, दाराच्या मुठीला हात लावल्यावर सांगतात त्या सगळ्या. अमेरिकेत या शाखेला स्वतंत्र उपशाखा म्हणून २०११ मध्ये मान्यता मिळाली आणि पहिली परीक्षा २०१३ मध्ये झाली. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञाला तीन वर्षं आणि मूत्रविकारतज्ज्ञाला दोन वर्षं फेलोशिप करावी लागते. लोकांना वाटतं, एवढी वर्षं काय नवीन ऑपरेशनं शिकतात? मलाही तसंच वाटलं होतं. यादी करून गेले होते मी.

दुसऱ्या आठवड्यात एक काकू आल्या. चार वर्षांपूर्वी दुसरीकडे पिशवी काढलेली. कागदपत्रं व्यवस्थित, ऑपरेशनमध्ये काही गडबड नाही. त्यांचा प्रश्न साधा होता. "पिशवी तर काढली. मग आता हे काय येतंय बाहेर?"

बाहेर येत होतं ते योनीचं वरचं टोक, मोज्याचं बोट आतून उलटं व्हावं तसं. मी त्यांचे ऑपरेशनचे कागद दोनदा वाचले. त्यात एकही ओळ अशी नव्हती जी मी माझ्या वहीतल्या बाईसाठी लिहिली नसती.

गोष्ट अशी आहे की पिशवी गुन्हेगार नसते. ती नुसती प्रवासी. खाली येतो तो तिचा आधार. धक्क्याला बांधलेल्या होडीचं उदाहरण आमच्यात नेहमी देतात. होडी म्हणजे गर्भाशय, दोर म्हणजे त्याला धरणारे अस्थिबंध, आणि खालचं पाणी म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. पाणी आहे तोवर दोरांवर भार नसतो. बाळंतपणात स्नायू फाटले, पाणी ओसरलं, की सगळं वजन दोरांवर येतं आणि ते वर्षानुवर्षं ताणत जाऊन एक दिवस हार मानतात. अशा वेळी होडी उचलून नेली तरी दोर तुटलेलेच राहतात. स्त्रीरोगतज्ज्ञ डीलान्सी यांनी १९९२ मध्ये मृतदेहांवरच्या अभ्यासातून या आधाराचे तीन स्तर मांडले: वरचं टोक त्रिकास्थीकडे, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाकडे, ओढून धरणारे, मधला भाग दोन्ही बाजूंच्या भिंतींना जोडणारे, आणि खाली योनिद्वाराजवळचे. त्यांचा प्रश्न काकूंचाच होता. पिशवी काढल्यावर योनी उलटी का होते? मी हे पदव्युत्तरच्या परीक्षेत लिहिलं होतं, आकृतीसकट. पण ऑपरेशन करताना वरचं टोक कशाला तरी पक्कं बांधून ठेवायचं, ही गोष्ट मी "जमलं तर" या सदरात टाकली होती.

मग मोजायला शिकले. मोजणं हा शब्द मला तोवर हास्यास्पद वाटायचा. मी "दुसऱ्या डिग्रीचं" असं अंदाजे लिहायचे आणि पुढे जायचे. अंग किती खाली आलंय ते मोजायची पॉप-क्यू ही पद्धत १९९६ पासून आहे. योनिपटलाची रेषा हा शून्य. तिच्या आत ते उणे, बाहेर ते अधिक, सेंटिमीटरमध्ये. नऊ आकडे, तीन गुणिले तीनच्या चौकटीत; त्यातला सी बिंदू म्हणजे वरचं टोक. योनीची एकूण लांबी तेवढी आराम असताना घ्यायची, बाकी सगळं बाईला जोर करायला लावून. सेंटिमीटरच्या खुणा केलेली लाकडी काडी हातात धरायची, स्पेक्युलमचं अर्धं पातं मागच्या भिंतीवर, आणि म्हणायचं, "आजी, कुंथा. आणखी. घरी जितकं येतं तितकं आलं का?" हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. लाजेने बायका अर्धाच जोर करतात, तपासताना लघवी होईल म्हणून घाबरतात. नाही म्हणाल्या तर उभं करून पुन्हा तपासायचं. पहिल्या महिन्यात माझे आणि मॅडमचे आकडे एकदाही जुळले नाहीत. माझे नेहमी कमी. मला घाई असायची.

त्यानंतर मला फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली बसवलं. खरं सांगते, अपमान वाटला होता. तिने मला एका ताईंच्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूची ताकद शून्य ते पाचमध्ये द्यायला सांगितली. मी तीन दिले. तिने एक. "त्या पोट आवळतायत आणि ढुंगण आवळतायत, मॅडम. आतलं काहीच हलत नाहीये." मग ती ताईंना म्हणाली, "वारा रोखायचाय आणि लघवीही, दोन्ही एकदम, आणि आत वर ओढून घ्यायचं. श्वास चालू ठेवा." तीन-चार वेळा काही झालं नाही, आणि मग माझ्या बोटाखाली काहीतरी हललं. किंचित, झोपेत कूस बदलावी तसं. ताई स्वतःच दचकल्या. त्या सहा महिने घरी हा व्यायाम करत होत्या. छापील कागद बघून. रोज नेमाने खाली ढकलत होत्या.

तसला कागद मीही आठ वर्षं वाटला आहे. केगल यांनी हे व्यायाम १९४८ मध्ये मांडले तेव्हाही आत दाबमापक ठेवून, बाईला तिचा जोर दिसेल असे मांडले होते. कागद ही आमची भर. आता नियम कळतो तो असा: शिकवणारं माणूस हवं, निदान तीन महिने हवेत, दिवसातून तीनदा आठ-आठ वेळा. एवढं झाल्यावर लघवी सुटण्याचं ऑपरेशन हवं की नको ते बोलायचं. बऱ्याच जणी परत ऑपरेशनचं नाव काढत नाहीत.

रिंगचंही तसंच. पेसरी, म्हणजे अंग वर धरायला योनीत बसवायची रिंग, ही म्हाताऱ्या, ऑपरेशन न झेपणाऱ्या बायकांची सोय, अशी माझी समजूत होती. पहिली रिंग मी बसवली, छान बसली म्हणून स्वतःवर खूश झाले, आणि काकू पाच मिनिटांनी ती टिश्यू पेपरात गुंडाळून हातात घेऊन आल्या. "बसले आणि टपकन पडली." म्हणून रिंग बसवली की चालायला लावायचं, खोकायला लावायचं, शौचालयात बसवायचं, मगच घरी पाठवायचं. तिसऱ्या मापाची राहिली. पुढच्या तपासणीला त्या म्हणाल्या, आत काही आहे हे विसरूनच गेले होते.

युरोडायनॅमिक्सच्या, म्हणजे मूत्राशयाचा दाब मोजायच्या तपासणीच्या, खोलीबद्दल फार लिहीत नाही. एक बारीक नळी मूत्राशयात, एक गुदाशयात, दोन्हींच्या दाबाची वजाबाकी म्हणजे मूत्राशयाच्या स्नायूचा स्वतःचा दाब, आणि अनोळखी माणसांसमोर मुद्दाम लघवी सोडायची. त्या खोलीत मी आलेख वाचायला शिकले, आणि आलेख वाचताना तोंड कुठे करून बसायचं तेही.

एक चूक मात्र सविस्तर सांगायला हवी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी, अंग पूर्ण बाहेर, हृदयाचा त्रास. मी मॅडमना सांगितलं, योनी बंद करून टाकू. हे काही मी शोधलेलं नाही. ल फोर यांनी १८७७ मध्ये वर्णन केलेलं ऑपरेशन आहे, थोडक्यात होतं, भूल कमी लागते आणि टिकतं उत्तम. फक्त त्यानंतर संबंध ठेवता येत नाहीत. मॅडम म्हणाल्या, "विचारलंस?" मी म्हटलं, "मॅडम, चौऱ्याहत्तर." त्या स्टूल ओढून आजींजवळ बसल्या आणि हवामानाबद्दल विचारावं तितक्या सहज विचारलं. आजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग म्हणाल्या, "म्हणजे काय, आहेत की अजून ते." मी कागदावर लिहिलेलं खोडलं. मॅडम मला त्यावर एक शब्दही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

आणि ऑपरेशन थिएटर. ज्यासाठी आले होते ते. वरचं टोक दोन्ही बाजूंच्या युटेरोसॅक्रल (गर्भाशयाला त्रिकास्थीकडे धरणाऱ्या) अस्थिबंधांना उंचावर टाके घालून टांगायचं. या अस्थिबंधाच्या शेजारून मूत्रपिंडातून लघवी आणणारी मूत्रवाहिनी जाते, खाली गर्भाशयमुखापाशी सेंटिमीटरभरावरूनच. तिला टाका लागला नाही तरी शेजारचं ओढलं जाऊन ती मुडपू शकते, आणि मूत्रपिंड कुरकुर न करता मुकाट्याने बंद पडू शकतं. म्हणून टाके बांधले की मूत्राशयात दुर्बीण घालायची. शिरेतून फ्लुरोसीन हा रंग दिलेला असतो, लघवी चमकत्या पिवळ्या-हिरव्या रंगाची होते. दोन्ही मूत्रवाहिन्यांच्या छिद्रांतून ती फवारताना दिसेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही.

माझ्या हातून पूर्ण झालेल्या पहिल्याच केसमध्ये उजवीकडून फवारा आला. सुंदर. डावीकडचं छिद्र मिटलेल्या डोळ्यासारखं. एक मिनिट. भूलतज्ज्ञांनी सलाइनचा वेग वाढवला. तीन मिनिटं. उजवीकडे पुन्हा फवारा, डावीकडे काही नाही. मी म्हणाले, येईल, थोडं थांबू. मॅडम म्हणाल्या, "तू थांबतेयस की आशा करतेयस?" पाचव्या मिनिटाला मी डावीकडचा सगळ्यात बाहेरचा टाका कापला, जो मी वीस मिनिटं खपून, अगदी मनासारखा घातला होता. कात्री मिटते न मिटते तोच पडद्यावर डावीकडून पिवळी रेघ उसळली. तो टाका आतल्या बाजूने पुन्हा घातला. पुन्हा दुर्बीण, पुन्हा वाट. आधीच्या आठ वर्षांत मी एकदाही अशी वाट पाहिलेली नव्हती.

जाळीबद्दल विचारतात, म्हणून थोडं. अंग वर धरायला योनीतून बसवायच्या तयार जाळ्या एके काळी जोरात होत्या. मीही दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिकून सहा जणींना बसवल्या. त्या बाजारात आल्या होत्या त्या आधीच्या उत्पादनासारख्याच आहेत एवढ्या आधारावर. मग जाळी योनीत उघडी पडणं, दुखणं, संबंधांच्या वेळी टोचणं या तक्रारींचा ढीग झाला, आणि १६ एप्रिल २०१९ ला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने तिथली त्यांची विक्री थांबवायला लावली. मूत्रमार्गाखाली घालायची अरुंद पट्टी, उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये मांडलेली, ही वेगळी गोष्ट. तिचा अभ्यास बराच झाला आहे आणि ती आम्ही आजही घालतो, समजावून सांगून. जाळी काढायचं ऑपरेशन मी तीनदा पाहिलं. ओल्या भिंतीतून तारेची जाळी सोलून काढावी तसं, मिलिमीटर-मिलिमीटरने. त्या जाळ्या बनवणाऱ्यांच्या आणि घालणाऱ्यांच्या वहीतही चारच रकाने असावेत.

पहिलं वर्ष संपताना मी जुन्या दवाखान्यातून परवानगीने यादी मिळवली आणि रविवारी फोन करायला लागले. बरेच नंबर बंद. काही जणी खरंच बऱ्या, आणि डॉक्टरचा आपणहून फोन आला म्हणून काळजीत: "काही निघालं का हो कागदात?"

एक मावशी म्हणाल्या, "छान आहे सगळं. फक्त येतंय पुन्हा बाहेर. तीन वर्षं झाली."

"मग आला का नाहीत तुम्ही?"

"तुम्हीच सांगितलेलं, त्रास झाला तर या. त्रास कुठे, नुसतं येतं. आणि तुम्ही एवढं केलं होतंत, परत कुठल्या तोंडाने सांगायचं?"

गेल्या गुरुवारी त्या इथे आल्या. मॅडम दुसऱ्या टेबलवर होत्या, मीच मोजलं. जोर करायला लावला, विचारलं, घरी जितकं येतं तितकं आलं का. नाही म्हणाल्या. उभं केलं, पुन्हा मोजलं. रिंग की ऑपरेशन, दोन्ही सांगितलं, आकृती काढून. मंगळवारी कळवते म्हणाल्या.

जुन्या वहीत मी पट्टीने एक रेघ मारून घेतली आहे. त्यांच्या नावापुढे लिहिलं: सी बिंदू, अधिक ४. तीन वर्षांनी.