वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत क्रोशाची लेस

फेब्रुवारीत वेंगुर्ल्याला एका शाळेच्या सभागृहात बायकांच्या हस्तकलेचं दोन दिवसांचं प्रदर्शन होतं. मैत्रिणीच्या माहेरच्या ओळखीतून मला त्यात एक भिंत आणि दोन टेबलं मिळाली. बारा वर्षं क्रोशा विणतेय, पण अनोळखी माणसांसमोर काम मांडायची ही पहिलीच वेळ. आमच्या ग्रुपमधल्या तिघीचौघी पुढच्या वर्षी जायचं म्हणताहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

मी पुण्याहून पनवेल आणि तिथून रात्रीच्या कोकणकन्येने कुडाळ गाठलं. पुढे वेंगुर्ल्यापर्यंत एसटी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्यांचं फार लवकर भरतं, तेव्हा प्रदर्शनाची तारीख कळली की पहिलं काम तिकिटाचं करा. पावसाळ्यात वेळापत्रकही बदलतं. पण तसंही पावसाळ्यात लेस घेऊन किनाऱ्यावर जाऊच नये.

लेस न्यायची ती घडी घालून नाही, गुंडाळून. कापडाच्या दुकानात ताग्यातली जाड पुठ्ठ्याची नळी मागितली तर देतात. नळीवर आधी धुतलेलं मांजरपाट गुंडाळायचं, त्यावर लेस आणि वरून पुन्हा मलमल. घडी घातली की दोऱ्याला मोड पडते आणि भिंतीवर लावल्यावर तीच रेघ आधी दिसते. प्लॅस्टिकची पिशवी फक्त प्रवासापुरती वापरा आणि पोचल्याबरोबर काढा, नाहीतर आतल्या दमट हवेने बुरशीचे ठिपके येतात. मी नळी बर्थवर भिंतीच्या बाजूला ठेवून झोपले.

नऊ नग नेले होते. सगळ्यात मोठा होता अननसाच्या विणीचा गोल टेबलक्लॉथ: ३६ इंच व्यास, ४० नंबरचा दोरा, १ मिलिमीटरची सुई, सात महिन्यांचं काम. नव्याने शिकणाऱ्यांना सांगते, दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. पहिल्या प्रदर्शनासाठी २० नंबर पुरे. त्याचे खांब, म्हणजे विणीतले उभे टाके, लांबूनही उठून दिसतात.

घरची तयारी आठवडाभर चालली. रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवायचं, चोळायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं की पाणी निघतं. मग थर्माकोलच्या जाड पत्र्यावर कागद लावायचा, त्यावर पेन्सिलीने वर्तुळं आणि कोनांच्या रेघा आखायच्या, आणि ओली लेस स्टेनलेस स्टीलच्या टाचण्यांनी मधून कडेकडे ताणत बसवायची. अननसाचं प्रत्येक टोक आपल्या रेघेवर आलं पाहिजे. एक टोक पाव इंच सरकलं तरी अख्खं वर्तुळ लंगडतं. टेबलक्लॉथला मी तांदळाची कांजी घातली होती, चांगली घट्ट. पुण्याच्या कोरड्या हवेत तो पापडासारखा कडक झाला. स्टुलावर पसरला तेव्हा सोळाही टोकं ऐटीत बाहेर उभी होती.

शुक्रवारी दुपारी मांडणी केली. शनिवारी सकाळी आठ वाजता दार उघडलं तेव्हा सोळाही टोकं खाली मान टाकून बसली होती.

मी ज्यांच्याकडे उतरले होते त्या काकी माझ्यासोबत आल्या होत्या. त्यांनी एक टोक दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "तुमची पुण्याची कांजी हयसर टिकाची नाय गो." खरंच आहे. कांजी हवेतलं पाणी ओढून घेते आणि समुद्रकाठी रात्रभर तिला तेवढंच काम असतं. खळ वाढवून उपयोग नाही. घट्ट खळ आणखी चिकट होते, आणि खळीला झुरळं-कसर लागते ते वेगळंच.

काकींनी मला पुन्हा घरी नेलं, थेट स्वयंपाकघरात. पाण्याच्या कळशीवर त्यांच्या सासूबाईंनी विणलेला रुमाल होता. साधी जाळीची वीण, धुऊन धुऊन पिवळसर झालेली, पण कडेला प्रत्येक टोकाला निळ्या काचेचे मणी. हे रुमाल आपण सगळ्यांनी पाहिलेत. मी मात्र त्या मण्यांना इतकी वर्षं नुसती शोभा समजत होते. काकींनी रुमाल उचलून सोडला. मण्यांच्या वजनाने तो कळशीच्या तोंडाभोवती चारी बाजूंनी सारखा बसला. "तेका वजन दी," एवढंच त्या म्हणाल्या.

बाजार उघडल्यावर काचेचे पांढरे मणी आणले. सोळा टोकं, प्रत्येकी तीन, असे ४८ मणी मी आणि काकींच्या सुनेने दहाच्या आत ओवून टाचले. लेस पसरट उभी राहण्याऐवजी स्टुलाच्या कडेवरून सरळ खाली उतरली. मला ती आधीपेक्षा जास्त आवडली, कारण आता अननसाची पूर्ण लांबी दिसत होती. समुद्रकाठी प्रदर्शन असेल तर लेसला खळीच्या जिवावर उभी करू नका, वजनाने लोंबू द्या. माझ्या मते या प्रवासातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच.

दुसरी चूकही शनिवारीच सापडली. स्टीलच्या टाचण्या कमी पडल्या म्हणून एक छोटा गोल रुमाल मी शाळेतल्या साध्या टाचण्यांनी लावला होता. एका रात्रीत दोन तपकिरी डाग. इथून खाली शिरोड्याची मिठागरं, जिथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. इथल्या वाऱ्यातच मीठ आहे, लोखंडाला ते सोडत नाही. काकींनी परसातून बिंबलं आणली. झाडाच्या खोडालाच घोसाने लगडतात ती हिरवी, अतिशय आंबट फळं. एक कापून रस डागावर लावला, दहा मिनिटं थांबून भरपूर पाण्याने धुतलं, असं दोनदा केलं. डाग गेले. बिंबलं नसतील तर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा. दोन्ही वेळा आंबटाचा अंश राहू देऊ नका, सुती दोरा त्याने कमजोर होतो.

भिंतीवरच्या नगांना मागे गडद निळं पॉपलीन लावलं होतं. गडद कापड निवडलंत तर आधी तीन-चारदा धुवा आणि ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटत नाही ना ते बघा. लेस कापडावर शिवायची ती त्याच रंगाच्या बारीक दोऱ्याने, विणीच्या भोकांतून, दोन-दोन इंचांवर एक सैल टाका. डिंक, दुहेरी चिकटपट्टी यांचं नाव काढू नका. नगाचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर ठेवला, बहुतेक बायकांच्या नजरेला तो नीट येतो. ट्यूबलाइट समोरून पडली की वीण सपाट दिसते. मी बाजूच्या खिडकीजवळची जागा मागून घेतली आणि खांबांच्या सावल्या कापडावर पडल्या तेव्हा कामात जीव आला. फक्त थेट ऊन नको. शाळेच्या टेबलांना खिळे आणि कुसळं असतात, तेव्हा जाड चादर बरोबर असू द्या. मांडताना हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढा, मदतीला येणाऱ्यांनाही काढायला सांगा.

प्रत्येक नगाखाली विणीचं नाव, दोऱ्याचा नंबर, सुईचं माप आणि लागलेला वेळ लिहिला होता. लोक शेवटची ओळ वाचून थांबायचे. तरीही सात महिन्यांचा टेबलक्लॉथ एकीने तीनशे रुपयांना मागितला. वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी 'विक्रीसाठी नाही' अशी पाटी लावली. तुम्ही पहिल्या दिवसापासूनच लावा.

'हात लावू नका' मात्र लिहू नका. एक नमुन्याचा तुकडा वेगळा विणून टेबलावर मोकळा ठेवा, शेजारी सुई आणि दोरा. एक म्हातारी आजी बराच वेळ उभ्या होत्या, मग म्हणाल्या, "हात लावलंय तर चलात मा?" तुकडा हातात घेऊन त्यांनी आधी उलटा केला. विणणारी बाई मागची बाजू आधी बघते! त्या चर्चच्या वेदीवरच्या कापडाच्या कडा तरुणपणी विणायच्या. माझ्या दोऱ्याने त्यांनी साखळी टाकली, मुके खांब, म्हणजे बुटके टाके, घातले, आणि वळण घेताना मी जे तीन साखळ्यांनी करते ते दोन साखळ्यांनी करून दाखवलं. कोपऱ्यातली फट बंद झाली.

ही कला आपली की परकी, असं दोन शिक्षिकांनी विचारलं. मी सांगितलं ते असं: आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या दुष्काळात क्रोशाच्या लेसने कित्येक घरं तगली. मिशनऱ्यांबरोबर लेसकाम आपल्याकडे आलं, आणि आंध्रातल्या नरसापूरच्या बायका आजही क्रोशाच्या लेसवर संसाराला हातभार लावतात. आपल्याकडे तिने कळशीवर आणि देव्हाऱ्यावर जागा केली.

राहायची सोय घरगुती असेल तर जेवण होईपर्यंत लेस खोलीतच ठेवा. सोलकढीच्या एका थेंबाची फार भीती वाटते. रविवारी संध्याकाळी आवरून झाल्यावर बंदरावर दीपगृहाच्या बाजूला जरूर जा.

परत आल्यावर त्याच आठवड्यात सगळे नग साध्या पाण्यातून काढून कांजी आणि खारवा धुऊन टाकला, सावलीत पूर्ण वाळवले आणि नळीवर गुंडाळले. टेबलक्लॉथचे मणी तेवढे काढले नाहीत. टाचलेले होते, ते आता शेवटची ओळ उसवून विणीतच ओवून घेतेय. सोळापैकी पाच टोकं झालीत.