उम्फांग : गोव्यापेक्षा मोठा तालुका

थायलंड-ब्रह्मदेश सीमेवरच्या माए सोत गावाहून सुटणारी सोंगथेओ म्हणजे आपल्या वडापची थाई बहीण: मागे दोन बाकडी, टपावर पोती, मध्ये कोंबड्यांची पाटी. ताक प्रांतातल्या उम्फांगला 1090 क्रमांकाचा रस्ता जातो. 164 किलोमीटर आणि 1,219 वळणं. हा आकडा तिथे टी-शर्टवर छापून विकतात. मी मोजली नाहीत, कारण तिसऱ्या तासापासून डोकं पिशवीत होतं. ओकारीची गोळी निघण्याआधीच घ्या, आणि ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली तर सोडू नका.

थायलंडमध्ये आम्फो म्हणजे साधारण आपला तालुका. उम्फांग हा देशातला सर्वांत मोठा आम्फो, सुमारे 4,325 चौरस किलोमीटर. अख्खा गोवा 3,702! पण एवढ्या पसाऱ्यात तांबोन, म्हणजे गावांचे गट, फक्त सहा. बाकी सगळं जंगल आणि डोंगर.

नकाशा पाहिल्यावर मला एक गंमत कळली. इथलं पाणी माए क्लोंग नदीतून दक्षिणेला कांचनाबुरीकडे उतरतं, पण कचेरीच्या कामाला माणसाला उत्तरेचा घाट चढून माए सोत, पुढे ताक गाठावं लागतं. पूर्वी तर हा मुलूख डोंगरापलीकडच्या उथाई थानी प्रांताच्या ताब्यात होता आणि इथे ब्रह्मदेशातून येणाऱ्यांचे कागद तपासायची चौकी होती. ते कागद बांबूच्या नळकांड्यात आणत. करेन ही इथली डोंगरी जमात. तिच्या भाषेतल्या त्या नळकांड्याच्या नावावरूनच ‘उम्फांग’ झालं, असं सांगतात. पुढे बराच काळ हा दुय्यम तालुका, ‘किंग आम्फो’ होता. पूर्ण दर्जा मिळाला 1959 साली. रस्ता तर त्याहूनही उशिरा आला, कारण बांधकामावर कम्युनिस्ट गनिमांचे हल्ले होत.

वाटेत उम्फिएमला डोंगरउतारावर दाटीवाटीची घरं दिसतात. ती ब्रह्मदेशातून आलेल्या, मुख्यतः करेन, निर्वासितांची छावणी आहे. गाडीतून फोटो काढत बसू नका. सीमाभाग असल्याने नाके लागतात, त्यामुळे पासपोर्ट वरच्याच खिशात हवा.

थी लो सू धबधब्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात अभयारण्यातला रस्ता गाड्यांना बंद असतो. गावातून जीप ठरवावी लागते, आणि जीप थांबते तिथून पुढे दीडेक किलोमीटर चालायचं. करेन भाषेत ‘थी’ म्हणजे पाणी. समोर उभं राहिलं की कॅमेरा आधी भिजतो, मग आपण. डोई हुआ मोत या बोडक्या डोंगरावर मात्र पहाटेच पोचा. ऊन चढलं की धुकं गेलं. तिथे स्वेटर लागतो, थायलंड म्हणून हसू नका.

रोकड माए सोतलाच काढून ठेवा. शाकाहारी मंडळींनी ‘किन जे’, म्हणजे ‘शुद्ध शाकाहारी खातो’, हे दोन शब्द पाठ करावेत. अंडं तर त्यात बसत नाहीच, पण लसूण-कांदासुद्धा वर्ज्य असतो, हे लक्षात ठेवा.

परतीचा रस्ताही तोच. आदल्या संध्याकाळीच पुढची जागा सांगून ठेवा. मी विसरलो, आणि पुन्हा कोंबड्यांशेजारी बसलो.