अकरा दिवस अडकलेले मेमरी कार्ड

गेल्या आषाढी वारीत दिवेघाटात माउलींची पालखी चढत असताना माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली. एकामागून एक छायाचित्रे घेतल्यामुळे लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे टिपलेली चित्रे अजून कार्डावर लिहिली जात होती. तरीही दुसरी बॅटरी घालण्याच्या घाईत मी झाकण उघडले आणि बॅटरी बाहेर काढली. संध्याकाळी सासवडला ते ६४ जीबीचे कार्ड लॅपटॉपला लावले, तर ते वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावे लागेल, असा संदेश आला. मी तो नाकारला, आणि त्या दिवशी माझ्या हातून झालेली शहाणपणाची गोष्ट तेवढीच.

पुण्यात परतल्यावर डेटा परत मिळवून देणाऱ्या एका दुकानात गेलो. तेथे चार पानी अर्ज भरावा लागला, ज्यात 'डेटाचे अंदाजे मूल्य' असाही एक रकाना होता. वारीच्या छायाचित्रांचे मूल्य काय लिहावे, असे विचारल्यावर काउंटरवरील मुलाने 'काहीही लिहा' असे सांगितले. ५०० रुपये तपासणी शुल्क घेऊन तीन दिवसांत अहवाल देण्याचे त्यांनी कबूल केले. चौथ्या दिवशी फोन केला, तेव्हा कार्ड वरिष्ठांकडे असल्याचे कळले. सहाव्या दिवशी वरिष्ठ रजेवर होते. आठव्या दिवशी माझा अर्जच सापडेना, आणि पावतीचा क्रमांक मी दोनदा वाचून दाखवल्यावर, कार्ड अद्याप उघडूनही पाहिलेले नाही, हे त्यांनी अगदी सहजपणे सांगितले. अकराव्या दिवशी मी स्वतः जाऊन उभा राहिलो, तेव्हा १४,००० रुपयांचे अंदाजपत्रक पुढे आले. 'चिप निकामी झाली आहे,' असे त्यात लिहिले होते, पण ते कशावरून, याचे उत्तर तेथे कोणाकडेही नव्हते. मी कार्ड परत मागितले. ते डबीत न घालता एका जुन्या बिलाच्या कागदात गुंडाळून देण्यात आले, त्याच्या कडेची सरकती लॉकची कळही उघडीच होती, आणि मला सर्वाधिक राग आला तो त्याचाच. ती कळ 'लॉक'कडे सरकवली, तर संगणक सहसा कार्डावर नवे काही लिहीत नाही. कार्ड बिघडल्याचा संशय येताच सर्वांत आधी हेच करावे, आणि मीही ते सासवडलाच करायला हवे होते.

घरी मी फोटोरेक नावाची मोफत उपलब्ध असलेली प्रणाली वापरली. बिघाडात बहुधा फायलींची यादीच खराब होते, चित्रे जागच्या जागी राहतात. ही प्रणाली यादीकडे न पाहता जेपेग चित्राच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणा शोधत जाते. सापडलेली चित्रे त्याच कार्डावर साठवू नयेत, दुसऱ्या डिस्कवर साठवावीत, नाहीतर अजून न सापडलेल्या चित्रांवरच ती लिहिली जातात. सुमारे सव्वा तासात जवळजवळ सर्व चित्रे आली. मूळ नावे गेली होती, पण चित्र टिपल्याची वेळ चित्रातच नोंदलेली असल्यामुळे क्रम लावता आला. घाटाच्या शेवटच्या वळणावरील एक चित्र मात्र अर्धे करडे निघाले. बॅटरी काढली, तेव्हा तेच लिहिले जात असावे. चिप निकामी झालेली नव्हती, हे मी दुकानाला लेखी कळवले, परंतु शुल्क परत मिळत नसल्याचे पावतीच्या मागे छापलेले होते.

एक सांगायचे राहिले. कार्ड खरोखर रिकामे करायचे असेल, तर आधी चित्रे दोन ठिकाणी उतरवून घ्यावीत आणि मग फॉरमॅट संगणकावर न करता कॅमेऱ्यातच करावे. आता मी १२८ जीबीच्या एका कार्डाऐवजी ३२ जीबीची चार कार्डे बाळगतो, आणि लाल दिवा विझेपर्यंत झाकणाला हात लावत नाही.