बिनमेंढ्यांचा मेंढपाळ

ओल धरलेल्या भिंतीवरून एक मणी तरंगत चालला होता. जवळ जाऊन पाहिलं तर मण्याला आठ पाय होते, केसाएवढे बारीक आणि कुणाचा तरी हिशेब चुकल्यासारखे लांब. कोळी समजून मी झाडू शोधायला वळणार होतो. पण कोळ्याला कंबर असते, अंगाचे दोन भाग स्पष्ट दिसतात. याचं डोकं-पोट सगळं एकाच गोळीत.

हा हार्वेस्टमन. म्हणजे पीक कापणारा, कारण युरोपात तो सुगीच्या सुमारास जास्त दिसतो. जर्मन लोक त्याला 'वेबरक्नेख्ट' म्हणतात, विणकराचा गडी. आता या गड्याच्या अंगात रेशीमग्रंथीच नाही. जाळं सोडाच, एक धागा निघायचा नाही!

शास्त्रज्ञ तरी नीट नाव ठेवतील म्हणावं, तर तिथेही तीच तऱ्हा. याच्या सर्वांत परिचित भाऊबंदाला, सजीवांना दोन शब्दांची लॅटिन नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ साली 'फॅलँजियम ओपिलिओ' म्हटलं. ओपिलिओ म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ. पायांना उंच काठ्या बांधून कळप राखणाऱ्या मेंढपाळांवरून ते सुचलं, असं सांगतात. फॅलँजियमचं मूळ ग्रीक, अर्थ विषारी कोळी. हा कोळी नाही आणि विषग्रंथी तर याला मुळीच नाहीत. सोनूबाईच्या हाती निदान कथलाचा वाळा तरी होता.

लिनियसने या फॅलँजियम प्रजातीत चाबकासारख्या शेपटीचे विंचवाचे दूरचे नातलगही कोंबले होते. पुढच्या अभ्यासकांनी त्यांना वेगळी बिऱ्हाडं काढून दिली. ओपिलिओ मात्र चुकीच्या पाटीसकट मूळ घरात राहिला. शिवाय त्याच्यावरूनच अख्ख्या गणाला ओपिलिओनेस म्हणतात, त्यामुळे साडेसहा हजारांहून अधिक जाती फुकटात धनगर झाल्या. मेंढ्या नसल्या तरी ओपिलिओच्या नराला शिंगं आहेत, तीही जबड्यांवर. ही जोडणी कुणाची, कोण जाणे.

खाण्याच्या बाबतीत मात्र तो मला कोळ्यापेक्षा जवळचा वाटतो. कोळी भक्ष्याचा रस करून पितो. हा पिकांवरची मावा कीड, किडींची अंडी, मेलेले किडे, जे मिळेल त्याचे तुकडे तोडून खातो. शत्रूने पाय धरला तर पाय तिथेच सोडून देतो. तुटलेला पाय बराच वेळ वळवळत राहतो, शत्रू त्यात गुंततो आणि मालक पसार. तो पाय पुन्हा उगवत नाही, त्यामुळे सहा-सात पायांची मंडळीही फिरताना दिसतात.

डोळे दोनच, पाठीवरच्या एका उंचवट्यावर, एक डावीकडे तोंड करून, एक उजवीकडे. त्यांचा भरवसा बेताचाच असावा, कारण वाट शोधायचं काम पायांच्या दुसऱ्या, सर्वांत लांब जोडीकडे असतं. मी भिंतीला बोट टेकवलं. त्या जोडीतला एक पाय आला, नखावर दोनदा चाचपलं, आणि स्वारीने वाट बदलली.