तुम्ही विचारलंत म्हणून: हात नेमके किती वेळ धुवायचे?

‘हात किती वेळ धुवायचे?’ असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एक आकडा हवा असतो. आकडा आहे. साबण लावल्यावर निदान २० सेकंद चोळायचं. जागतिक आरोग्य संघटना ४० ते ६० सेकंद सांगते, पण त्यात भिजवण्यापासून पुसण्यापर्यंत सगळं आलं. म्हणजे दोन्ही आकडे खरेच. तरीही घड्याळ लावून धुतलेले हात अर्धवट धुतलेले असू शकतात.

कारण तेवढा वेळ आपण तळहातावर तळहात चोळत बसतो. तिथे फेस छान होतो, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं. राहून जातात ती बोटांची टोकं, अंगठे, बोटांच्या बेचक्या आणि पालथी बाजू. त्यातही पहिल्या दोन जागा महत्त्वाच्या, कारण घास उचलायला, डोळा चोळायला, नाकाशी जायला हीच टोकं आणि हाच अंगठा लागतो. तळहाताने सहसा कोणी डोळे चोळत नाही. म्हणून सेकंद मोजण्यापेक्षा जागा मोजा, असं आम्ही सांगतो.

आधी वाहत्या पाण्याखाली हात पूर्ण भिजवा. कोरड्या हातावर साबण नीट पसरत नाही. मग नळ बंद करा आणि पालथ्या बाजूलाही पोचेल इतका साबण घ्या. नेहमी शिकवला जाणारा क्रम असा: तळहातावर तळहात, एका हाताच्या पाठीवर दुसरा तळहात, बोटं बेचक्यांत घालून, आणि मग हात बदलून, तळहात समोरासमोर ठेवून बोटं गुंफून, बोटं वाकवून त्यांची मागची पेरं दुसऱ्या तळहातावर, अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून गोल फिरवत, आणि शेवटी पाची बोटांची टोकं जुळवून दुसऱ्या तळहातावर गोल घासत. क्रम चांगला आहे. अडचण एवढीच की घाईत नेमकं शेवटचं गळतं, आणि शेवटी आहेत टोकं नि अंगठे! त्यामुळे घरच्या धुण्यापुरता आमचा सल्ला उलटा आहे: साबण लागला की आधी टोकं, मग अंगठे, मग बेचक्या. तळहाताची काळजी करू नका, बाकीचं चोळताना तो आपोआप घासला जातो. नखं मात्र वाढलेली असतील तर कोणताही क्रम पुरत नाही. बोटांवर जंतूंची सर्वांत दाट वस्ती नखांखाली असते आणि लांब नखाच्या आत साबण पोचत नाही. अंगठीखालीही तेच. ती काढून धुवा, निघत नसेल तर फेस असतानाच फिरवून घ्या.

एवढं चोळायचं कशाला, नुसत्या पाण्याने का भागत नाही? त्वचेवर तेलाचा पातळ थर असतो, मळ आणि जंतू त्यात अडकलेले असतात, आणि पाणी त्यावरून घसरून जातं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. त्याने थर सैल होतो, चोळल्याने सुटतो आणि पाण्याबरोबर जातो. फ्लू किंवा कोविडच्या विषाणूभोवती मेदाचं आवरण असतं. ते साबणाने फाटतं आणि विषाणू निकामी होतो. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला असं आवरणच नाही. तो साबणाने मरत नाही, वाहून जातो. म्हणून फेस पूर्ण निघेपर्यंत हात धुणं चोळण्याइतकंच गरजेचं. हे पाणी वाहतं हवं, मग ते तांब्याने ओतलेलं का असेना. एकाच भांड्यात सगळ्यांनी हात बुडवले तर एकाची घाण दुसऱ्याच्या हाताला लागते.

‘जंतुनाशक’ लिहिलेल्या साबणासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटक घरगुती हात धुण्याच्या साबणांतून बाद केले. साध्या साबणापेक्षा त्यांचा जास्त उपयोग होतो आणि ते रोज वापरायला सुरक्षित आहेत, हे उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं. पाणीही गरम नको. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याने जंतू मरत नाहीत, त्वचा मात्र कोरडी पडते.

वडी असो वा पातळ साबण, फरक पडत नाही. वडी पाण्यात बसू देऊ नका, भोकांच्या साबणदाणीत ठेवा. पातळ साबणाच्या बाटलीत उरलेल्यावर नवा ओतायची सवय वाईट, तळाच्या जुन्या साबणात जंतू वाढू शकतात. बाटली धुऊन, वाळवून मगच भरा.

आणि पुसणं! ओल्या हातांवरून जंतूंची देवाणघेवाण कोरड्या हातांपेक्षा कितीतरी सहज होते. हात झटकून दाराच्या कडीला लावले तर निम्मं काम फुकट. स्वच्छ, कोरड्या टॉवेलने बेचक्यांसकट पुसा. दिवसभर ओलाच राहणारा, घरातल्या सगळ्यांचा एकच टॉवेल असेल, तर त्यापेक्षा हात हवेत वाळवलेले बरे.

सॅनिटायझरबद्दलही लगेच विचारलं जातं. पाणी-साबण हाताशी नसेल तेव्हा तो चांगला, पण अल्कोहोल किमान ६० टक्के हवं. शंभर टक्के असलेलं जास्त चांगलं असंही नाही. जंतूंची प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल पटकन उडून जातं. एका थेंबाने काही होत नाही. चोळताना हात २० ते ३० सेकंद ओले राहतील इतकं घ्या, जागा त्याच, आणि पुसू नका, वाळू द्या. मळक्या किंवा तेलकट हातांवर त्याचा प्रभाव कमी पडतो. नोरोव्हायरसवर तो भरवशाचा नाही, हाताला लागलेलं कीटकनाशकही त्याने निघत नाही. घरात कोणाला उलट्या-जुलाब होत असतील तर बाटली बाजूला ठेवून साबणच घ्या.

वारंवार धुऊन हात फुटत असतील तर धुणं कमी करू नका. भेगांमध्ये जंतूंना थारा मिळतो, आणि चुरचुरतं म्हणून माणूस पुढच्या वेळी घाईने उरकतो. पाणी कोमट किंवा साधं ठेवा, साबण बिनवासाचा घ्या, घासून न पुसता टिपून घ्या आणि हात किंचित ओलसर असतानाच मलम किंवा व्हॅसलिन लावा, पेरांवर आणि बेचक्यांत जरा जास्त.