मार गिरगिस, आणि धाकट्या भावाचं पत्र

मार गिरगिस स्टेशनवर मेट्रोतून उतरलो तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. अलिबागचा मे महिना परवडला! जुन्या कैरोतल्या कॉप्टिक चर्चांच्या मागे पायऱ्या उतरून गेलं की अरुंद बोळ लागतो, आणि पुढे बेन एझ्रा सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनाघर. मधोमध संगमरवरी चौथरा, वर बायकांचा सज्जा. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, म्हणून इथे एका बंद कोठडीत शतकानुशतकं जुने कागद टाकत गेले. १८९७ च्या सुमारास त्यातले जवळजवळ दोन लाख तुकडे केंब्रिजला गेले.

मी आलो होतो तो रामबामसाठी. रब्बी मोशे बेन मैमोन, बाराव्या शतकातला यहुदी धर्मपंडित आणि वैद्य, मूळचा स्पेनमधल्या कोर्दोबाचा. पोरवयातच अल्मोहाद या कडव्या मुस्लिम राजवटीमुळे घर सुटलं. मग मोरोक्कोतलं फेझ, पॅलेस्टाइनमधलं आक्रा, आणि शेवटी हे फुस्तात, म्हणजे आजचं जुनं कैरो. ‘मिश्ने तोरा’ या यहुदी धर्मनियमांच्या संहितेचे चौदा ग्रंथ त्याने इथेच पुरे केले. त्याला वेळ कधी मिळाला, हा प्रश्नच आहे. ११९९ मध्ये फ्रान्सहून भेटीला येऊ पाहणाऱ्या आपल्या अनुवादकाला तो कळवतो: रोज सकाळी कैरोला दरबारात जातो, दुपार टळल्यावर उपाशी परततो, तर ओसरी रोग्यांनी भरलेली. जनावरावरून उतरून हात धुतो, चार घास खाईपर्यंत थांबा म्हणून त्यांना विनवतो. दिवसभरातलं तेवढंच जेवण. रात्री थकून आडवा पडल्या पडल्या औषधं सांगतो. तेव्हा आलात तर आनंदच, पण तासभरही मिळायचा नाही! पाहुण्याला नको म्हणायची ही रीत मला फार आवडली.

आणखी एका पत्रात तो हिंदुस्थानातल्या यहुद्यांबद्दल लिहितो: शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळतात, आठव्या दिवशी सुंता करतात, बाकी धर्म ठाऊक नाही. हे आमच्या कोकणातले शनिवार तेली, म्हणजे बेने इस्रायलच असावेत, असं काहींना वाटतं. इस्रायल आळीवरून शाळेत जाणाऱ्या मला ते पटवून घ्यायला आवडतं, एवढंच.

पण माझं मन अडकलं ते रामबामच्या धाकट्या भावाच्या, दाविदच्या पत्रात. घर चालायचं ते त्याच्या व्यापारावर. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून त्याने लिहिलं, इथे नीळ सोडून घेण्यासारखं काही नाही, मी हिंदुस्थानला निघतो. घरच्यांना धीर द्या. तो आपल्या हिंदी महासागरात बुडाला. थोरला वर्षभर अंथरुणाला खिळला. आठ वर्षांनीही, दाविदचं अक्षर दिसलं की काळीज हलतं, असं तो लिहितो.

दाविदचं ते पत्रही याच कागदांत सापडलं.