सहा फुटांच्या पट्टीतलं लाल झाड

इथे न्यू जर्सीत आमचं घर आणि शेजाऱ्याचं कुंपण यांच्यामधली पट्टी जेमतेम सहा-सात फुटांची. जळगावात अशा जागी लोक डोळे झाकून अशोक लावतात, बंगल्यांसमोर रांगेत सरळसोट वाढलेला दिसतो तो. पण तो बारमाही हिरवा. मला पानगळीआधी रंग बदलणारं झाड हवं होतं, म्हणून स्वीटगमची 'स्लेंडर सिल्हूट' ही जात आणली. उंची ५० फुटांपर्यंत जाते, पसारा मात्र सहा फुटांच्या आसपास. चांदणीसारखं पाच टोकांचं पान, चुरगाळलं की राळेचा वास येतो. ऑक्टोबर सरताना एकाच फांदीवर पिवळी, शेंदरी, लाल आणि पार जांभळी पानं दिसतात. साध्या स्वीटगमच्या काटेरी फळांचा अंगणात फार उच्छाद. या जातीला ती कमी धरतात.

वडील रावेरचे, केळीवाले. फोनवर पहिला प्रश्न, "खड्ड्यात शेणखत टाकलं का?" इथे उलटंच सांगतात: खणलेली तीच माती परत भरा. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. बुंधा जिथे मुळांकडे फाकतो तो भाग मातीच्या वर राहिला पाहिजे. कुंडीत गोल फिरलेली मुळं कापायची, हे ऐकून वडील हळहळले. पण ती ठेवली तर पुढे तीच बुंध्याला आवळतात.

दुसरा प्रश्न अहिराणीत आला, "हाई झाड आठे जगी का?" म्हणजे, हे झाड आपल्या रावेरला जगेल का?

पाणी तोडलं नाही तर जगेलही, रंगाची मात्र आशा धरू नका. दिवस लहान झाले की पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि आत असलेला पिवळा उघडा पडतो. लाल तसा नाही. तो पान त्याच वेळी साखरेपासून नव्याने बनवतं, आणि त्याला दिवसा लख्ख ऊन, रात्री गारवा लागतो. पाणी गोठवणारी कडक थंडी पडली की खेळ खलास. आपल्याकडे मे महिन्यातल्या ४५ अंशांत पानांच्या कडा त्याआधीच करपायच्या.

लाल पानं आपल्याकडेही आहेत, ऋतू तेवढा वेगळा. मार्चमध्ये पाल गावाच्या बाजूला सातपुड्यात जा आणि कुसुंब बघा, कोवळी पालवीच लालभडक. झाड ऐसपैस पसरतं, कंपाउंडच्या कडेला जमायचं नाही. बांधावर लावाल तर शेजारच्या शेतकऱ्याशी भांडण ठरलेलं. विहिरीजवळ मोकळी जागा असेल तर लावा. फळं जून-जुलैत पिकतात, बी ताजंच पेरलेलं बरं.